तेरा वर्षांचा अनुभव, बेचाळीस हजार पगार

पत्र

‘मी २०१२ पासून मुंबईतल्या एका मराठी दैनिकात डेस्कवर, म्हणजे बातम्या संपादित करून पानं लावण्याच्या कामावर आहे. लागले तेव्हा हातात १६ हजार यायचे. २०१८ मध्ये मुख्य उपसंपादक झाले आणि ३४,५०० मिळू लागले. २०२० मध्ये पगार कापला, वर्षभराने तो पूर्ववत झाला. आज सीटीसी, म्हणजे पीएफ-विम्यासह कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च, महिना ४८ हजार आहे, हातात ४२,४०० येतात. दुपारी तीन ते रात्री बारा ड्युटी, आठवड्याला एक सुट्टी. डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत दीड वाजतो. मागच्या महिन्यात आमच्याच डिजिटल विभागात तीन वर्षांचा अनुभव असलेला मुलगा ४५ हजारांवर लागला. त्याच्या कॉपीतल्या, म्हणजे बातमीच्या मजकुरातल्या चुका मीच काढते. आता एका पोर्टलने मला ‘कन्सल्टंट’ म्हणून महिना ६० हजार देऊ केले आहेत. पत्रकारितेत अनुभवाला किंमत आहे की नाही? जाऊ, थांबू, की हे क्षेत्रच सोडू?’

– एक मुख्य उपसंपादक, डोंबिवली

उत्तर

ताई, तुमची तक्रार रास्त आहे, आणि ती तुमच्या एकटीची नाही. पण त्या नव्या मुलाचा पगार क्षणभर बाजूला ठेवा. त्याला काय मिळतं यापेक्षा तुमच्या स्वतःच्या पगाराचं या तेरा वर्षांत काय झालं, हे आधी पाहायला हवं. तो हिशेब तुम्ही अजून केलेला दिसत नाही.

ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ च्या मालिकेत त्या वर्षाची पातळी १०० धरलेली आहे. २०१८ च्या उत्तरार्धात हा निर्देशांक १४० च्या आसपास होता आणि मार्च २०२५ मध्ये १९२ च्या आसपास. म्हणजे २०१२ च्या १६ हजारांत जे घर चालत होतं, त्याला २०१८ मध्ये साधारण २२,४०० लागत होते. तुम्हाला मिळत होते ३४,५००. पहिल्या सहा वर्षांत तुमची खरी कमाई, महागाई वजा करून, निम्म्याहून जास्त वाढली. आता पुढचं पाहा. २०१८ च्या ३४,५०० रुपयांची बरोबरी करायला मार्च २०२५ मध्ये सुमारे ४७,३०० हातात यायला हवे होते. येतात ४२,४००. किमती ३७ टक्क्यांनी चढल्या आणि तुमचा पगार २३ टक्क्यांनी. या साधारण साडेसहा वर्षांचा वार्षिक हिशेब केला तर तुम्हाला सरासरी सव्वातीन टक्के वाढ मिळाली, आणि नुसतं जागच्या जागी राहायलाच सुमारे ५ टक्के लागत होती.

याचा सरळ अर्थ असा की मुख्य उपसंपादक झाल्यापासून तुमचा पगार वाढलेला नाही, कमी झालेला आहे. जबाबदारी मात्र वाढली. ४७,३०० हा आकडा लिहून ठेवा, पुढे तो लागणार आहे.

दुसरा हिशेब तासांचा. तीन ते बारा म्हणजे नऊ तास. जेवणाचा अर्धा तास काढला तर साडेआठ, सहा दिवसांचे ५१, चार आठवड्यांचे २०४. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ च्या कायद्याने घातलेली मर्यादा चार आठवड्यांत १४४ तासांची होती, आणि नव्या कामगार संहितेनेही पत्रकारांसाठी हाच आकडा ठेवला आहे. तुम्ही ६० तास वर भरता. महिना चार आठवड्यांहून थोडा मोठा असतो, म्हणून महिन्याचे सुमारे २२१ तास धरले तर तुम्हाला तासाला १९२ रुपये पडतात. हाच पगार १४४ च्या मर्यादेत, म्हणजे महिन्याला १५६ तासांत मिळाला असता तर तासाला २७२ पडले असते. डोंबिवलीचा जाण्यायेण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. नवी नोकरी तोलताना पगाराच्या आकड्याशेजारी हा तासाचा आकडा ठेवा. पगारात चार हजार जास्त देऊन रोज दीड तास जास्त घेणारी नोकरी तोट्याची असते.

आता, पगार २०१८ नंतरच का अडकला? तुमच्या कामात काही कमी पडलं म्हणून नाही. डेस्कची रचनाच तशी आहे. प्रशिक्षणार्थी, उपसंपादक, वरिष्ठ उपसंपादक, मुख्य उपसंपादक या पायऱ्या भराभर चढता येतात, आणि प्रत्येक पायरीला पगार थोडा उसळतो. मुख्य उपसंपादकानंतर वाट अरुंद होते. एका आवृत्तीला वृत्तसंपादक एकच असतो, आणि तो जाईपर्यंत खालच्या तिघाचौघांना थांबावं लागतं. त्या काळात मिळते ती फक्त वार्षिक टक्केवारी. बातमीदारांचंही असंच होतं, विशेष प्रतिनिधी झाल्यावर पुढे ब्युरोप्रमुखाची एक खुर्ची. फरक एवढाच की त्यांच्याकडे बायलाइन (बातमीवर छापलेलं नाव) असते, बीट (ठरलेला विषय) असतं, आणि बाहेरचं जग त्यांना नावाने ओळखतं. डेस्कवरच्या माणसाचं उत्तम काम निनावी छापलं जातं. तुमचा अनुभव बाजाराला दिसत नाही याचं हे एक मोठं कारण आहे, आणि त्यावर उपाय आहे. तो पुढे सांगते.

नव्या माणसाला जास्त का मिळतं, याचं उत्तरही याच रचनेत आहे. वार्षिक वाढीचं बजेट आणि नव्या भरतीचं बजेट वेगळं असतं. वाढ जुन्या पगारावर टक्क्यांनी मिळते. भरती मात्र त्या दिवशी माणूस जितक्याला येईल तितक्याला होते. व्हिडिओ कापणारा, सीएमएस (वेबसाइटवर बातम्या चढवायची प्रणाली) हाताळणारा, गुगलवर काय शोधलं जातंय ते पाहून मथळा बदलणारा मुलगा दुसऱ्या पोर्टलला किंवा एखाद्या जाहिरात एजन्सीलाही चालतो, म्हणून त्याच्यासाठी बोली लागते. पानं सोडणारा, म्हणजे छपाईला पाठवणारा मुख्य उपसंपादक मुंबईत मोजक्या मराठी दैनिकांनाच हवा असतो. मालकांना हे ठाऊक असतं. तेरा वर्षं तुम्ही एकाच ठिकाणी राहिलात, त्यामुळे तुमची बोली एकदाही लागली नाही. त्या मुलाचा यात काही दोष नाही, हे मनात स्पष्ट असू द्या.

एक काळ असा होता की वर्षांना खरोखर किंमत होती, आणि ती कायद्याने ठरलेली होती. वृत्तपत्रांतल्या नोकरांसाठी वेतन आयोग नेमले जात. पालेकर १९८०, बछावत १९८९, मणिसाना २०००, आणि शेवटचा मजिठिया, जो ११ नोव्हेंबर २०११ ला अधिसूचित झाला. वृत्तपत्रांची त्यांच्या उत्पन्नावरून आठ वर्गांत विभागणी, हुद्द्यानुसार वेतनश्रेणी, दरवर्षीची ठरलेली वाढ, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे किंमत निर्देशांकाशी बांधलेला महागाई भत्ता. किमती चढल्या की कुणाच्या केबिनमध्ये न जाता पगार चढायचा. ‘सीटीसी’च्या करारात महागाई भत्ता नावाची ओळच नसते, आणि वर आपण मोजलेला सगळा खड्डा तिथेच पडतो. टीव्ही आणि पोर्टलं या आयोगांच्या कक्षेत कधी आलीच नाहीत.

तुम्ही २०१२ मध्ये लागलात, म्हणजे मजिठियाच्या अधिसूचनेनंतर. सर्वोच्च न्यायालयाने हा आयोग ७ फेब्रुवारी २०१४ ला वैध ठरवला. पुढे १९ जून २०१७ च्या निकालात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. कंत्राटावरच्या पत्रकारांनाही आयोग लागू आहे, आणि ‘मला जुनाच पगार मान्य आहे’ असं आयोगाच्या २०(जे) कलमाखाली लिहून घेतलं असलं तरी आयोगाने ठरवलेल्या किमान वेतनाखाली जाता येत नाही. तुमच्याकडून असं काही लिहून घेतलं होतं का ते जुन्या कागदांत पाहा. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९५५ चा कायदा त्यांत विलीन झाला. त्यामुळे जुन्या थकबाकीचा दावा कसा मांडायचा, हे नेमणूकपत्र, पगाराच्या सगळ्या स्लिपा आणि कंपनीच्या उत्पन्नाचा वर्ग समोर ठेवून कामगार वकिलाकडूनच ठरवून घ्या. बृहन्मुंबई युनियन ऑफ जर्नलिस्ट्सकडे जा. कामगार आयुक्तांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवनात आहे. पण नोकरीत राहून असा दावा करायचा तर तयारी ठेवून करा. दावा केल्यावर बदली झाली, काढून टाकलं, अशा तक्रारी २०१७ च्या त्याच सुनावणीत न्यायालयापुढे आल्या होत्या. ही लढाई लढण्यासारखी आहे, फक्त ती एकटीने आणि रागाच्या भरात सुरू करू नका.

आता हातात असलेल्या गोष्टीकडे येऊ. आधी सध्याच्या ठिकाणी मागणी करा, पोर्टलचं उत्तर त्यानंतर.

मागणीआधी फाइल तयार करा, कारण डेस्कच्या माणसाला दाखवायला काही नसतं ही अडचण इथेच सुटते. गेल्या दोन वर्षांतली तुम्ही सोडलेली दहा-बारा छापलेली पानं निवडा. निवडणूक निकालाची रात्र, अर्थसंकल्पाचा दिवस, पावसाने लोकल बंद पडल्या तो दिवस, एखादी मोठी पुरवणी. प्रत्येक पानाखाली तीन-चार ओळी लिहा. लीड (पानाची मुख्य बातमी) का बदलली, किती वाजता बदलली, किती माणसांत पान सोडलं, मथळा कुणाचा. अप्रकाशित कॉपी किंवा कार्यालयाचे आतले मेल यात घालू नका. छापून आलेलंच वापरा, नाहीतर हीच फाइल उद्या तुमच्याविरुद्ध कागद ठरेल. दुसऱ्या पानावर जबाबदाऱ्या लिहा. वृत्तसंपादकांच्या सुट्टीला आवृत्ती कोण सांभाळतं, आठवड्यातून किती दिवस, किती नव्या मुलांना तुम्ही तयार केलं, डिजिटलच्या किती बातम्या रोज तुमच्या हाताखालून जातात. शेवटचा मुद्दा नेमणूकपत्रात नसेल तर तो ठळक लिहा. ते तुमच्याकडून फुकट घेतलं जाणारं दुसरं काम आहे. बदनामीची नोटीस येऊ शकली असती अशी बातमी तुम्ही वेळीच थांबवली असेल तर तीही तारखेसह नोंदवा. नव्या माणसाकडे नसलेली आणि मालकाला पैशात कळणारी अनुभवाची बाजू हीच आहे.

वेळ सांभाळा. बहुतेक कंपन्यांत पुढच्या वर्षाच्या वाढीचे आकडे एप्रिलच्या आधीच ठरतात, जानेवारी-फेब्रुवारीत. अप्रेझलचा फॉर्म हातात येतो तेव्हा पैसे वाटून झालेले असतात आणि वृत्तसंपादकांना मनात असूनही काही करता येत नाही. म्हणून डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बोला. आधी वृत्तसंपादकांशी, मग संपादकांशी, आणि एचआरकडे सर्वांत शेवटी. क्रम उलटा केलात तर संपादक दुखावतात, आणि एचआरला तुमचं काम काय आहे हे माहीतच नसतं. पानं लावायच्या वेळी, संध्याकाळी सातनंतर, हा विषय काढू नका.

आकडा तुम्हीच सांगा. तुमच्या पगाराच्या स्लिपेवरून हिशेब असा दिसतो: बेसिक १६ हजार, कंपनीचा पीएफ १,९२०, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७७०, विमा सुमारे ८१०, आणि तुमच्या बाजूने १,९२० पीएफ व २०० व्यवसाय कर. म्हणजे हातात ४७,३०० यायला सीटीसी सुमारे ५३ हजार हवा. ही तुमची खालची रेघ. त्याच्या खाली तुम्ही २०१८ पेक्षा गरीब आहात. मागणी ६० हजारांची ठेवा आणि ५३ च्या खाली ‘विचार करते’ एवढंच म्हणा. ‘अमक्याला ४५ मिळतात’ हे वाक्य काढूच नका. तो आकडा ज्याने सांगितला तो अडचणीत येतो, आणि बोलणं तुमच्या कामावरून त्या मुलावर घसरतं. ‘२०१८ च्या ३४,५०० ची मार्च २०२५ मधली किंमतच ४७,३०० होती, मी त्याच्याही खाली आहे, आणि तेव्हापासून ही ही कामं वाढली आहेत’ असं म्हणा. यावर कुणाकडेही सहज उत्तर नसतं.

इथे तीन ठिकाणी फसगत होते. पहिली, पैशाऐवजी हुद्दा. ‘सहायक वृत्तसंपादक’ करतो, पगाराचं एप्रिलमध्ये बघू. हुद्दा घ्या, पण पगाराची तारीख आणि रक्कम त्याच पत्रात हवी. तोंडी शब्द देणारे संपादकच पुढच्या वर्षी तिथे नसतात. दुसरी, वाढ ‘व्हेरिएबल’मध्ये दाखवणं. कंपनीच्या नफ्यावर अवलंबून असलेला भाग तुमच्या हिशेबात शून्य धरा. तिसरी, वाढ स्पेशल अलाउन्समध्ये टाकून बेसिक तसंच ठेवणं. कंपन्या पीएफ आणि ग्रॅच्युइटी बहुधा बेसिकवरच मोजतात, त्यामुळे आज हातात फरक दिसत नाही पण पुढे लाखभराने दिसतो.

पैसे देत नाहीतच असं झालं, तर वेळ मागा. आठवड्याला दोन सुट्ट्या, किंवा महिन्यातून दहा दिवस दिवसपाळी, आणि रात्री बारानंतर घरापर्यंत गाडी. रात्रपाळीतल्या महिलांच्या सुरक्षित प्रवासाची सोय ही मालकाची जबाबदारी आहे, ती मागताना संकोच नको. दोन सुट्ट्या मिळाल्या तर चार आठवड्यांचे २०४ तास १७० वर येतात. पगार न वाढताही तासाचा दर १९२ वरून २३० वर जातो.

आता पोर्टलचे ६० हजार. तुम्ही त्याची तुलना हातातल्या ४२,४०० शी करत असाल, आणि सगळ्यांची चूक तिथेच होते. कन्सल्टंटला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, विमा नाही. म्हणून तुलना ४८ हजारांच्या सीटीसीशी करायची. फरक साडेसतरा हजारांचा दिसतो, तो असतो १२ हजारांचा. आता रजा. कन्सल्टंटला बहुधा पगारी रजा नसते. वर्षाला ३० दिवस घेतल्या तर ६० हजार बुडाले, म्हणजे महिन्याला पाच. उरले सात हजार. त्यातून कुटुंबाचा आरोग्य विमा स्वतः काढायचा, आणि तो कंपनीच्या गटविम्याच्या ८१० रुपयांत मिळत नाही. दर महिन्याला १० टक्के टीडीएस कापून ५४ हजार हातात येतील. वर्षाच्या ७ लाख २० हजारांवर नव्या करप्रणालीत कर लागत नाही, पण कापलेले ७२ हजार परत मिळायला विवरणपत्र भरून वाट पाहावी लागते. करार पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येणारा असला, तर तेरा वर्षांची नोकरी एवढ्या फरकासाठी सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पण लगेच नकारही कळवू नका. त्यांना सांगा, ६० हजार सीटीसीवर, पेरोलवर घेत असाल तर येते. रिटेनरच, म्हणजे ठरावीक मासिक मानधनाचा करारच हवा असेल तर ७० च्या पुढे, वर्षाला ३० दिवस पगारी रजा, दोन्ही बाजूंना दोन महिन्यांची नोटीस, आणि बिल दिल्यापासून किती दिवसांत पैसे ते करारात. बाहेर लिहिण्यावर बंदी घालणारं कलम असेल तर ते काढायला लावा. कन्सल्टंटही म्हणायचं आणि बांधूनही ठेवायचं, दोन्ही चालत नाही. शिफ्टचे तास विचारा. मराठी पोर्टलांत माणसं बऱ्याचदा रोजच्या बातम्यांच्या संख्येवर मोजली जातात. रोज बारा-पंधरा बातम्यांचं टार्गेट असेल तर तुमचं खरं कौशल्य, म्हणजे निवड, पुनर्लेखन, चूक पकडणं, तिथे वापरलंच जाणार नाही आणि वर्षभरात तुम्हीही पंचविशीतल्या मुलाच्या भावात मोजल्या जाल. संपादनाची, म्हणजे शिफ्ट चालवण्याची जागा असेल तरच ती तुमच्या अनुभवाची जागा आहे.

कुठेही मुलाखतीला गेलात तरी ‘सध्या किती मिळतात?’ हा प्रश्न येणारच. त्यावर ठरावीक टक्के चढवून आकडा दिला जातो. ४८ वर २० टक्के म्हणजे ५७,६००, आणि जुना खड्डा तुमच्याबरोबर नव्या घरी येतो. खोटा आकडा सांगू नका, पुढे ते स्लिप मागतातच. आधी त्यांना विचारा, ‘या जागेसाठी तुम्ही किती ठरवले आहेत?’ आणि तुमची अपेक्षा कामावरून सांगा. एक आवृत्ती, इतकी माणसं, इतके तास, त्याचे इतके. डिजिटल शिकून घ्यायचं म्हणाल तर सगळं शिकू नका. सीएमएस, मथळ्यांची सर्चसाठी मांडणी आणि वाचकसंख्येचे अहवाल वाचणं, एवढं दोन-तीन महिन्यांत तुमच्याच कार्यालयात, त्याच मुलाशेजारी बसून जमेल. व्हिडिओ एडिटिंगच्या मागे लागू नका, तिथे तुम्ही कायम दुसऱ्या नंबरवर राहाल.

क्षेत्र सोडण्याबद्दल थोडक्यात. पीआर एजन्सीत मराठी कॉपी तपासणारी जाणती माणसं लागतात, तास तुलनेने बरे असतात, पण काम ग्राहकाची बाजू मांडण्याचं आहे. ते मनाला पटणार असेल तरच जा. भाषांतर आणि सबटायटलचं काम शब्दांवर किंवा मिनिटांवर मिळतं, पूर्ण वेळचा आधार म्हणून ते बेभरवशाचं आहे. कॉलेजांतल्या मास मीडियाच्या वर्गांना तासिका तत्त्वावर शिकवायला अनुभवी पत्रकार हवे असतात. कायम नेमणुकीला मात्र नेट किंवा सेट लागतं. दुपारी तीनच्या ड्युटीआधी सकाळचे दोन तास शिकवणं तुम्हाला जमू शकतं, फक्त कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. आज लगेच सोडावं इतकी तुमची स्थिती वाईट नाही. पण येत्या एप्रिलमध्ये ५३ च्या आसपासही आकडा आला नाही, तर पुढच्या दिवाळीपर्यंत जागा बदललेली असावी, असं मी म्हणेन.

जेव्हा निघाल, तेव्हा ग्रॅच्युइटीचा अर्ज लेखी द्या. नेहमी पाच वर्षांची अट असते, श्रमिक पत्रकारांसाठी ती तीन वर्षांची आहे, आणि तुमची तेरा झाली आहेत. सूत्र सोपं आहे: शेवटचं वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. १६ हजार बेसिकवर १ लाख २० हजार होतात. नव्या संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येत, भत्ते निम्म्यापेक्षा जास्त झाले तर जास्तीचा भाग वेतनात धरला जातो. तुमचं वेतन त्याप्रमाणे साधारण २३ हजार धरलं तर हीच रक्कम १ लाख ७२ हजार ५०० होते. एचआर जुन्याच बेसिकवर हिशेब करून देईल तेव्हा हा मुद्दा लेखी विचारा. रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी. पीएफ काढू नका, यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकावर तसाच पुढे न्या. तुमची दहा वर्षं पूर्ण झाल्यामुळे निवृत्तिवेतनाचा हक्क तयार झाला आहे. पीएफ नसलेल्या जागी गेलात तर ईपीएसचं (पीएफबरोबरच्या निवृत्तिवेतन योजनेचं) स्कीम सर्टिफिकेट मागून घ्या, ५८ व्या वर्षी ते लागेल.

आणि कागद. २०१२ चं नेमणूकपत्र, प्रत्येक वाढीचं पत्र, दरवर्षीचा फॉर्म १६, निदान मार्च महिन्याच्या स्लिपा, ओळखपत्रांच्या प्रती, सगळं स्कॅन करून स्वतःच्या मेलवर ठेवा. कार्यालयाच्या मेलवर ठेवलेलं राजीनाम्याच्या दिवशी बंद होतं. अधिस्वीकृतीला, म्हणजे पत्रकार म्हणून मिळणाऱ्या सरकारी मान्यतेला हे लागतं, थकबाकीच्या दाव्याला लागतं, आणि राज्य सरकारच्या आचार्य बाळशास्त्री जांभेकर ज्येष्ठ पत्रकार सन्मान योजनेलाही लागतं. तिथे वयाबरोबर पत्रकारितेची वर्षंही दाखवावी लागतात, महिन्याची रक्कम ११ हजारांवरून २० हजार झाली आहे. बंद पडलेल्या दैनिकात काढलेली वर्षं सिद्ध करताना लोकांची फार दमछाक होते. २०१२ ते २०१५ ची पत्रं तुमच्याकडे नसतील तर एचआरकडून प्रती आत्ताच, नोकरीत असताना, मागून घ्या.